पलंगाखाली एक, पलंगावर एक

पाहुणी घरात येऊन तेवीस दिवस झाले होते, पण तिने अजून कुणाला धड तोंड दाखवलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या यजमानांना आतापर्यंत अर्धी शेपटी आणि मागचा एक पाय एवढंच दर्शन घडलं होतं. "आमच्याकडे कुत्री आहे असं मी ऐकून आहे," असं ते ऑफिसात सांगत.

पाहुणी म्हणजे कचराडेपोवर जन्मलेली काळी, हडकुळी कुत्री. तीन वर्षांत माणसाकडून तिच्या अंगाला दगडाखेरीज काही लागलं नव्हतं. प्राणिसंस्थेने तिला जाळं टाकून पकडलं होतं. अशा भेदरलेल्या, रानटी झालेल्या कुत्र्यांना माणसाळवायचं कसं याचा सहा आठवड्यांचा वर्ग संस्था चालवत असे, आणि त्यात डॉक्टरीणबाईंनी नाव घातलं होतं. बाई दातांच्या डॉक्टर. खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेली माणसं त्यांनी बावीस वर्षं हाताळली होती. "भित्र्यांचं मला नका शिकवू," असं त्या पहिल्याच दिवशी वर्गाच्या ताईंना म्हणाल्या होत्या. ताई नुसत्या हसल्या होत्या.

वर्गात शिकवलेलं बाईंना तोंडपाठ होतं. डोळ्यांत बघायचं नाही. समोर उभं राहायचं नाही, अंग तिरकं ठेवून खाली बसायचं. हात डोक्यावरून न्यायचा नाही. हसायचं नाही, कारण दात दिसतात. बोललंच तर हळू. उकडलेल्या चिकनचे तुकडे टाकत राहायचं आणि वाट बघायची. दवाखान्यातून आल्या की बाई रोज वॉशिंग मशीनशेजारी फतकल मारून, भिंतीकडे तोंड करून दीड तास बसत. जमिनीवर टाकलेले तुकडे मशीनमागे गायब होत; हातावरचा तुकडा मात्र हातावरच वाळून जाई. आणि येत्या सोमवारी ताई परीक्षेला येणार होत्या. पाहुणीने माणसाच्या हातून खाल्लं तर ती राहणार. नाही तर संस्थेच्या मागच्या आवारात, जाळीआड, जन्मभर.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला यजमान कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला गेले आणि दार सताड उघडं राहिलं. नेमकं त्याच वेळी शेजारच्या घरात कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं. मशीनमागून काहीतरी काळं सुटलं, ते यजमानांच्या दोन पायांमधून थेट जिन्यात.

"अगं! दिसली! दिसली मला!" यजमान ओरडले.

"अहो, गेली कुठे ते सांगा!"

खालचं फाटक बंद होतं. पाहुणी तशीच उलटी फिरली आणि वर धावत सुटली. तिच्यामागे यजमान, एकाच पायात चप्पल. त्यांच्यामागे चिकनचा डबा छातीशी धरून बाई, "पळू नका! पाठलाग करायचा नसतो!" असं ओरडत यजमानांचा पाठलाग करत.

तिसऱ्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी आपल्या दारात पायपुसणं झटकत उभे होते. बायको दोन दिवसांसाठी गावातच माहेरी गेल्यामुळे ही कामं त्यांच्याकडे आली होती. सेक्रेटरी माणूस कडक. पाण्याच्या वेळेवरून त्यांनी भल्याभल्यांना रडवलं होतं. कुत्रं दिसलं की मात्र ते रस्ता बदलत आणि काही काम आठवल्यासारखं दाखवत. "ते जनावर एकदा जरी जिन्यात दिसलं तरी दुसऱ्या दिवशी इमारतीबाहेर," असं त्यांनी गेल्याच बैठकीत सुनावलं होतं. आता तेच जनावर जिन्यातून त्यांच्याच दिशेने येत होतं.

सेक्रेटरींनी पायपुसणं टाकलं आणि ते आत पळाले. दार लावायचं भान कुणाला? हॉल ओलांडून ते बेडरूममध्ये शिरले आणि एका उडीत पलंगावर चढले. कुत्री आपल्यामागे लागली आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. कुत्रीची समजूत अशी, की तिच्यामागे अख्खी इमारत लागली आहे. तिला अंधारी, ठेंगणी जागा हवी होती. सेक्रेटरी पलंगावर पोचले त्याच क्षणी ती पलंगाखाली पोचली.

बाईंनी आत येऊन बेडरूमचं दार लोटून घेतलं. पलंगाखालून घुर्र असा आवाज आला. पलंगावरून काहीच आवाज आला नाही.

"सेक्रेटरी साहेब," बाई अगदी हळू म्हणाल्या, "हलू नका."

"मी हललोय का?" सेक्रेटरी भिंतीला चिकटून, उशी पोटाशी धरून बसले होते. "तिला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

"ओढून काढता येत नाही. कोंडीत सापडल्यावर ती चावेल."

"कुणाला?"

"जो जवळ असेल त्याला."

सेक्रेटरींनी पाय आणखी वर ओढून घेतले. गादीची स्प्रिंग करकरली. खालून पुन्हा घुर्र, या वेळी जरा लांब.

बाईंनी दाराशी फतकल मारली. भिंतीकडे अर्धं तोंड केलं, एक तुकडा पलंगाखाली सरकवला. बाहेरच्या हॉलमध्ये यजमान ताईंना फोन लावत होते. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून त्यांचा कुजबुजता निरोप आला.

"ताई म्हणतात, कुणी हलायचं नाही. त्या गावाबाहेर आहेत. पिंजरा घेऊन संध्याकाळपर्यंत पोचतील."

"संध्याकाळ?" पलंगावरून आर्त आवाज आला.

"आणि त्या विचारतायत, कुत्री ओठ चाटतेय का? जांभया देतेय का? डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय का?"

बाईंनी तिरक्या नजरेने वर पाहिलं. सेक्रेटरी ओठ चाटत होते. त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग चांगलाच दिसत होता.

"कुत्रीचं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "सेक्रेटरींचं सगळं होतंय."

अर्धा तास गेला. ड्रिल थांबलं होतं. सेक्रेटरींच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण पाय सरळ करायची सोय नव्हती. प्रत्येक करकरीला खालून उत्तर येत होतं. दार उघडावं तर कुत्री पुन्हा जिन्यात. न उघडावं तर हा माणूस कधी तरी घाबरून उडी मारणार आणि त्याच्या पोटरीत दात रुतणार. मग परीक्षा नाही की ताई नाहीत, पाहुणीचा निकाल आजच. बाईंनी आणखी एक तुकडा सरकवला. आधीचे तीन तसेच पडून होते.

तेवढ्यात उशाशी ठेवलेला सेक्रेटरींचा फोन ठणाणा वाजला. पलंगाखाली काहीतरी जोरात आपटलं आणि घुरघुर चढत गेली.

"बंद करा!" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

सेक्रेटरींनी गडबडीत बंद करायच्या ऐवजी फोन उचलला, तोही स्पीकरवर.

"अहो, भाजी केलीत का?" पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "की अजून लोळताय?"

"पलंगावर आहे," सेक्रेटरी कुजबुजले.

"असं काय बोलताय? बरं नाही का?"

इकडे कुत्री पलंगाच्या कडेशी सरकत असल्याची चाहूल बाईंना लागली. ती बाहेर झेपावायच्या बेतात होती. बाईंनी आवाज मऊ केला, रोज वॉशिंग मशीनपाशी करत तसा. "घाबरू नकोस हं. मी आहे ना इथे. कुणी येणार नाही. शहाणी माझी."

"कोण आहे तिथे?" बायकोने विचारलं.

"दातांच्या डॉक्टर आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

"आपल्या बेडरूममध्ये?"

"हो, पण त्या जमिनीवर आहेत."

"आणि 'शहाणी' कोण?"

"ती पलंगाखाली आहे."

फोन बंद झाला. लगेच हॉलमध्ये यजमानांचा फोन वाजला आणि "वहिनी, ऐका तर, मीसुद्धा इथेच आहे," असं ते गयावया करताना ऐकू आलं. त्याने प्रकरण सुधारलं नाही. दाराच्या फटीतून निरोप आला, "त्या रिक्षात बसल्या. पाऊण तासात येतील. खूप चिडल्यात."

चिडलेली बायको म्हणजे धाडकन उघडलेलं दार. धाडकन उघडलेलं दार म्हणजे सगळंच संपलं. बाईंनी घाईघाईने तुकडे टाकायला सुरुवात केली. एक तुकडा नेम चुकून पलंगावर, सेक्रेटरींच्या गुडघ्यापाशी पडला.

पलंगाखाली हुंगल्याचा आवाज आला. मग पलंगाच्या कडेला, चादरीला लागून, काळं ओलसर नाक वर आलं.

"साहेब," बाई ओठ न हलवता म्हणाल्या, "तो तुकडा खाली टाका. नाही तर ती वर येईल."

"वर?"

"हळूच उचला. हात कडेवरून खाली सोडा. बोटं उघडा. बस."

सेक्रेटरींनी डोळे गच्च मिटून घेतले. तुकडा चाचपत उचलला. मान शक्य तितकी भिंतीकडे वळवली, श्वास रोखला आणि हात असा खाली सोडला, जणू तो आता आपला नाहीच. तळवा उघडला खरा, पण भीतीने तो तसाच लाकडासारखा ताठ राहिला. तुकडा पडेना.

"टाका ना!"

"हात ऐकत नाहीये."

नाक खाली गेलं. बाईंना उठावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं. दोन्ही मना होतं. पलंगाखालून आधी एक पंजा आला, मग मान. मग तेवीस दिवसांत कधी पाहायला न मिळालेलं संपूर्ण तोंड आलं. त्याला एक कान अर्धाच होता. तोंड त्या ताठ तळव्यापाशी थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं. आणि पाहुणीने तुकडा इतका अलगद उचलला, की सेक्रेटरींना कळलंही नाही.

"पडला का?" त्यांनी विचारलं.

बाईंना आनंद झाला होता, आणि अंगठ्याला ठेच लागल्यासारखं काहीतरी दुखतही होतं. तेवीस दिवस त्या अंग तिरकं करून बसत होत्या खऱ्या, पण प्रत्येक वेळी मनात एकच धोशा असे: ये ना गं, एकदा तरी ये. या माणसाला ती यायला नको होती. तो बघत नव्हता, हसत नव्हता, बोलवत नव्हता. तिच्याकडून त्याला काही म्हणजे काही नको होतं. असा माणूस पाहुणीला जन्मात पहिल्यांदाच भेटला होता.

"खाल्ला," बाई शेवटी म्हणाल्या. "तुमच्या हातून."

सेक्रेटरींनी एक डोळा किलकिला केला. हात मात्र ओढून घेतला नाही. बहुधा तो अजून ऐकत नव्हता. पाहुणी तळव्याला लागलेला रस चाटत होती.

"गरम आहे तिची जीभ," ते जरा वेळाने म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "हीसुद्धा थरथरतेय हो."

बाईंनी चिकनचा डबा जमिनीवरून हळूहळू पलंगाकडे ढकलला. पाहुणी दचकून आत गेली. डबा थांबल्यावर सेक्रेटरी पोटावर आडवे झाले. स्प्रिंग करकरली, पण खालून काही उत्तर आलं नाही. त्यांनी चाचपून डबा गाठला, तुकडा घेतला आणि हात पुन्हा खाली सोडला. या वेळी डोळे मिटले नव्हते. फक्त दुसरीकडे बघत होते. दुसरा तुकडा गेला. तिसरा गेला. सातव्या तुकड्यानंतर पाहुणीने हनुवटी त्या तळव्यावर टेकवली आणि ती तशीच राहिली.

बाहेर जिन्यात पावलं वाजली, हॉलचं दार आपटलं. "वहिनी, एकच मिनिट, आत एक—" एवढंच यजमानांचं ऐकू आलं. पाहुणीचा अर्धा कान ताठ झाला. बेडरूमचं दार उघडलं आणि खांद्याला बॅग लावलेली सेक्रेटरींची बायको उंबऱ्यात उभी राहिली. तिने जमिनीवर बसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मग पलंगावर पालथ्या पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याचा हात खाली जिथे गेला होता तिथे पाहिलं. तिने बोलायला तोंड उघडलं.

"श्शू," सेक्रेटरी मान न वळवता म्हणाले. "तुम्ही दोघी जरा बाहेर थांबता का? ती तुम्हाला घाबरतेय."