मंजूर उत्तरपत्रिकेतला मंगळवार

सोनागिरीला लागून असलेल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधील निवृत्त मराठी कर्मचाऱ्यांच्या मंडळाने वार्षिक सभेत ठराव केला की, यापुढे कोणाही सभासदाचा मेंदू गंजू देण्यात येऊ नये. ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला. सगळ्यांचे हात वर असताना माझा एकट्याचा खाली राहिला असता, तर बरे दिसले नसते.

ठरावाला निमित्त होते. आमचे एक सभासद स्कूटरवरून भाजी आणायला गेले आणि भाजी घेऊन पायी परत आले. पुढे तीन दिवस ते स्कूटर चोरीला गेल्याची तक्रार चालवत होते.

मंडळाचे सचिव अच्युतराव देशकर कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होते. ड्रॉइंगबरहुकूम नसलेला एकही तुकडा आपण उभ्या आयुष्यात पुढे जाऊ दिला नाही, असे ते सांगतात. मेंदूचे काम त्यांच्याकडेच आले. रोज सकाळी सात वाजता सभागृहात हजेरी, मग सतराचा पाढा उलटा म्हणणे, शब्दकोडे, काल रात्री कोणती भाजी खाल्ली ते आठवून लिहिणे आणि शेवटी आजचा वार. दात घरीच डाव्या हाताने घासून यायचे होते, आणि घासल्याबद्दल सही उजव्या हाताने करायची होती.

पहिल्या आठवड्यात अडचण आली. भाजीची उत्तरे जुळेनात. कोणी भेंडी लिहिली, कोणी वांगी, आणि खरे काय ते तपासायचे कसे? अच्युतराव म्हणाले की, एकाच मशीनमधून निघालेल्या तुकड्यांत एवढा फरक म्हणजे प्रक्रियेतच दोष आहे. समितीची बैठक झाली आणि काल सर्वांनी दुधी खाल्ला, हे प्रमाण उत्तर ठरले. पुढे सोयीसाठी सगळीच उत्तरे आठवडाभर आधी छापून घरपोच मिळू लागली. मंडळाची तल्लखता चाळीस टक्क्यांवरून अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेली. उरलेले दोन टक्के माझे असावेत, अशी मला शंका होती.

माझी पत्नी सुमित्रा म्हणाली, उत्तरे आधीच दिल्यावर डोक्याला काम काय राहिले? त्याचे उत्तर छापून आले नव्हते.

इथवर माझे काही बिघडले नव्हते. मग परिपत्रक निघाले की, मंडळाची कोणतीही किल्ली ‘तल्लख’ श्रेणीच्या सभासदाकडेच राहील, आणि मी घाबरलो. वाचनालयाची किल्ली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली, तिथे मी कोणाच्या लक्षात राहिलो नाही. घरात पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाऊन बसतो. सकाळी नऊ ते अकरा, तीन हजार पुस्तकांमध्ये, एवढेच दोन तास मला आपण कोणीतरी आहोत असे वाटते.

श्रेणी ठरवण्याची चाचणी मंगळवारी ठरली होती. प्रमुख पाहुणे इंदूरला अडकल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी झाली. दहावा प्रश्न होता, आज कोणता वार? मी थबकलो. शेजारी रत्नप्रभाबाई होत्या, माहेरच्या ग्वाल्हेरच्या.

“मंगळवार लिहा, भाऊजी,” त्या हळूच म्हणाल्या.

“पण आज बुधवार आहे.”

“तर काय मला माहीत नाही? आमच्या लाइनीत बुधवारी पाणी उशिरा येतं, आजही उशिरा आलं. पण छापलंय मंगळवार. लिहून टाका ना, काय फरक पडतोय.”

माझ्या हातून तोवर बुधवार लिहून झाला होता. त्यात धैर्य वगैरे काही नव्हते. खाडाखोडीला गुण कापणार होते, इतकेच.

चौसष्टपैकी त्रेसष्ट सभासद तल्लख निघाले.

दुसऱ्या दिवशी अच्युतराव घरी आले. आजाऱ्याला भेटायला यावे तसे संत्री घेऊन आले. म्हणाले, “नरहरराव, मनाला लावून घेऊ नका. वारापासूनच सुरुवात होते. आमच्या वडिलांचंही असंच झालं.”

मी त्यांच्यापुढे कालचे वर्तमानपत्र ठेवले. त्यांनी ते चष्मा लावून पाहिले आणि घडी घालून परत दिले. ते समितीने मंजूर केलेले नव्हते.

“आज कोणता वार आहे, अच्युतराव?”

“गुरुवार.”

“आणि काल?”

“काल चाचणी होती,” ते म्हणाले, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

फेरचाचणी महिन्याने होती. त्या महिन्यात मला स्वतःची खात्री वाटेनाशी झाली. दूधवाल्याला वार विचारला, तर त्याने आधी सुमित्राकडे पाहिले. तो बुधवार होता हे सुमित्रालाही ठाऊक होते. पण त्रेसष्ट माणसे कशी चुकतील, म्हणून मी बाहेर निघालो की ती माझ्या खिशात घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवू लागली. मी ती चिठ्ठी पाठ केली. मेंदूला खरा व्यायाम असा तेवढाच झाला.

फेरचाचणी शुक्रवारी झाली, छापील उत्तरे मात्र तीच होती. मी सुवाच्य अक्षरांत मंगळवार लिहिला. दहापैकी दहा. टाळ्या झाल्या, हार घातला गेला, आणि नियमित व्यायामाने पूर्ण बरे झालेले सभासद म्हणून माझे नाव अहवालात गेले. हारासकट जाऊन मी वाचनालय उघडले. महिनाभर ते बंद होते, आणि एकाही तल्लख सभासदाने कधी उघडणार म्हणून विचारले नव्हते.

आपण मनात म्हणत असाल की, आपण असतो तर बुधवार लिहिला असता आणि बुधवारावरच ठाम राहिलो असतो. घरी गेल्यावर ते त्रेसष्टजणही हेच म्हणत होते. अवश्य सभासद व्हा. अर्ज माझ्याकडेच मिळतात. वाराच्या रकान्यात काय भरायचे, ते आपल्याला सांगावे लागणार नाही.