मनगटावर उमटलेली तुळस

यंदा महालक्ष्म्यांपुढे नैवेद्याचं ताट आपणच ठेवणार, असं कौशल्येनं जाहीर करून टाकलं. जाहीर म्हणजे पहाटेचा नेम आटोपताना, देवाच्या कानात! सासूबाई पार्बताबाईंपुढे बोलायची छाती कोणाची?

पार्बताबाईंचं म्हणणं पक्कं : ज्या हाताला गोंदण नाही, त्या हातचं ताट देवीला चालत नाही. अन् कौशल्या लहानपणी तेल्हाऱ्याच्या बाजारात गोंदणारणीची सुई पाहून जी पळाली, ती थेट आजोबांच्या छकड्यात, कापसाखाली! लग्नापासून पुरण तिचं, ताट मात्र सासूबाईंचं.

सणाला लेक आकांक्षा अमरावतीहून आली. आईच्या मनगटावर तिनं घड्याळ बांधलं. कातडीच्या रंगाचा रुंद कापडी पट्टा, वर हिरवीगार नक्षी.

"टॅटूवालं आहे आई! फॅशन!"

"हे मधात काय आहे, बाई?"

"गुलाब. त्याच्याखाली कवटी."

"अवो माय! सणाच्या दिवशी?"

पण लेकीचं मन मोडवेना. पुरणाची वाफ, घामाच्या धारा, आंबिलीचं पाणी... घड्याळ सोडलं तर कवटीसकट गुलाब मनगटावर! घासला तर आणखी ठसठशीत!

तेवढ्यात पार्बताबाई आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू.

"अवो, तुळस! खाली वृंदावन बी! गोंदलं तू?"

"आत्याबाई, ते घड्याळाचं..."

"चूप! रडली असशीन ना? मी बी लय रडली. मायनं पाय धरले होते, गोंदणारीण गाणं म्हणून राहिली होती अन् मी तिले शिव्या देऊन राहिली होती!" म्हातारीनं आपला हात पुढे केला. सुरकुत्यांत विरत चाललेली हिरवी तुळस. "माय गेली, माहेर गेलं. एवढंच राहिलं."

खरं सांगायचं सोडून कौशल्या पुरणाकडे वळली.

पार्बताबाई साऱ्या गल्लीला सांगून, हळद-तेलाची वाटी घेऊन परतल्या. "ताज्या गोंदणाले लावा लागते." बोट फिरवलं, अन् अर्धी तुळस बोटावर!

कौशल्येनं डोळे मिटून सगळं सांगितलं. कवटीसकट.

म्हातारीनं बोट पदराला पुसलं. दारात शेजारच्या वच्छलाबाई अन् जमुनाबाई गोंदण पाहायला चपला काढत होत्या.

"माह्या तोंडाकडे काय पाहून राहिली?" पार्बताबाई कुजबुजल्या. "ते घड्याळ ओलं करून बांध पुन्हा! अन् ताट उचल आंधी!"

कौशल्येनं आत जाऊन ओलं घड्याळ आवळलं, सोडलं, अन् ताट देवीपुढे ठेवलं. इतक्या वर्षांनी! मनातल्या मनात देवीची माफीही मागून घेतली. डोळे भरून आले.

मागून जमुनाबाई वाकल्या.

"कौशल्याबाई, तुळशीच्या खाली इंग्रजीत 'वॉटरप्रूफ' काहून गोंदलं वो?"