तोंड मऊ हवं

माझ्या घरचा केक तोंडात घालण्याआधी लिमयेकाका मला त्याचा खोका कचऱ्यातून काढायला लावतात आणि अंडं नाही ना, ते भिंगातून वाचतात. सोळा वर्षं मी एकाच कंपनीचा केक आणते. वाचन चुकलेलं नाही. असा माणूस एका शनिवारी सकाळी माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "शिकारी कुत्रा बघायला जायचंय. पक्षी मारणाऱ्यांकडे असतो तसला. ड्राइव्ह कराल का?"

माझ्या हातातला निम्मा चहा पायपुसण्यावर गेला.

काका इथले, अमेरिकेतले आमचे शेजारी. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या नोकरीतून रिटायर झाले, सवयीतून नाही. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका," एवढं म्हटलं की पुढे काहीही बोलायची मुभा मिळते, असा त्यांचा समज. माझ्या पोळ्या बघून म्हणतात, "स्पष्ट बोलतो, आज श्रीलंका बरी जमलीय."

याच स्पष्टपणाने त्यांची एकुलती एक मुलगी दुरावली. केतकी दूर डकोटात शाळेत शिकवते. नवरा एरिक हौशी शिकारी. चार वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला त्याने स्वतः मारलेला रानपक्षी भाजून टेबलावर आणला, आणि काका म्हणाले, "स्पष्ट बोलतो, हे घर आहे की खाटीकखाना?" सावरून घ्यायला काकू राहिल्या नव्हत्या. तेव्हापासून केतकीचा दिवाळीला मेसेज येतो. फोन नाही.

आता केतकीकडचा म्हातारा शिकारी कुत्रा गेल्याचं काकांनी नातीच्या फोटोखाली वाचलं होतं.

"म्हणून नवा पाठवतो," म्हणत त्यांनी वही उघडली. दोन स्थळं होती. जर्मन पॉइंटर: गवतात पक्षी दिसला की पुतळ्यासारखा उभा राहून दाखवतो, पण रोज मैलोन्मैल पळवला नाही तर सोफा फाडतो. लॅब्रेडोर: पडलेला पक्षी पाण्यातूनही आणून देतो, पोरांनी कान ओढले तरी हूं की चूं नाही. अवगुण: खादाड.

"खादाड चालेल. एरिक आहेच."

"काका, कुत्रा काय साडीसारखा पाठवतात? आधी केतकीला विचारा."

"विचारायला तोंड कुठाय?" ते वहीकडे बघत म्हणाले.

मी गाडी काढली. पेन्सिल्व्हेनियात लॅब्रेडोरची पिल्लं विकणारी बार्ब गुडघाभर बूट घालून उभी होती. काकांनी वहीतले सगळे प्रश्न विचारले. ती म्हणाली, शिकारीसाठी आणि घरासाठी एकच गोष्ट बघा. तोंड मऊ हवं. आणि खिशातून कच्चं अंडं काढून तिने पिल्लांच्या आईच्या तोंडात दिलं.

कुत्री अंगणाला एक फेरी मारून आली आणि नेमकी काकांसमोर बसली.

"हात पुढे करा," बार्ब म्हणाली.

मी मध्ये पडणार होते. पण काकांनी तीर्थ घेतल्यासारखी ओंजळ केली. आयुष्यात अंड्याला बोट न लावलेला माणूस! कुत्रीने अंडं अलगद ठेवलं. लाळेने माखलेलं, पण साधा तडाही नाही.

काकांनी वाकून कुत्रीच्या तोंडात बघितलं. "दात तर आहेत की हिला."

"आहेत ना. लावत नाही."

निघताना अंडं बार्बला परत द्यायचं ते विसरलेच. गाडीत ते डाव्या हातात, आणि उजव्या हाताने त्यांनी फोन लावला. स्पीकरवर, नेहमीसारखा.

"बाबा? इज एव्हरीथिंग ओके?"

"स्पष्ट बो..." काका थांबले. मी रस्त्यावर नजर ठेवली. "तुमचा कुत्रा गेला असं वाचलं. फार वाईट वाटलं. नवा घेणार असाल तर... मी थोडा अभ्यास केलाय. कोणता घ्यायचा ते तुम्हीच ठरवा."



"बाबा, तुम्ही हंटिंग डॉगचा अभ्यास केलात?"

"दोन वह्या झाल्या."

ती हसली की रडली, स्पीकरवर कळेना. "ऑक्टोबरमध्ये या. सगळे मिळून बघायला जाऊ. पण बाबा, एरिक कुक करेल. तुम्हाला माहितीये काय ते."

आता येणार ते वाक्य, म्हणून मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"करू दे," काका म्हणाले. "मी भात लावीन."

हायवेवरून उतरायची माझी एक्झिट चुकली. एरवी यावर काकांनी घरापर्यंत ऐकवलं असतं. आज म्हणाले, "पुढून वळा." अंडं हातात तसंच होतं, आणि त्यांनी बोटं जराही आवळली नव्हती.