मामांना कोरी द्या!

गिऱ्हाइकाच्या पॅन्टपिसातून स्वतःची पिशवी काढणारा शिंपी तो! तो काय लेकीच्या रिसेप्शनच्या दारूत वाचवणार नव्हता?

व्याह्यांनी बजावलं होतं, "बार हवाच हं! नाहीतर आमची माणसं नावं ठेवतील." शिंप्याने भंगारवाल्याकडून भारी दारूच्या रिकाम्या बाटल्या उचलल्या, मोठं पातेलं चढवून कोरा चहा उकळला, बाटल्यांत भरला आणि प्रत्येकीच्या गळ्यात काळा दोरा बांधला.

"अहो, लोकांना कळेल!" बायको म्हणाली.

"दोन पेगांनंतर माणसाला स्वतःची बायको कळत नाही, चहा काय कळतोय!"

बारवाल्याला त्याने एवढंच सांगितलं, की दोऱ्याच्या बाटल्या दोन पेगांनंतर काढायच्या.

आणि जमलं की! व्याही चहाचे पाच ग्लास रिचवून असे झिंगले, की खांबाला मिठी मारून म्हणाले, "तूच माझा खरा भाऊ!"

तेवढ्यात मेहुणा कानाशी आला. चार वर्षांत त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. भाचीने अटच घातली होती : प्यायलास तर माझ्या लग्नात दिसू नकोस, मामा.

"दाजी, हातात ग्लास नाही म्हणून जो तो आग्रह करतोय. मी निघतो."

"निघतोस कुठे? तुझ्यासाठी चहा आहे!" शिंप्याने त्याला दोऱ्याचं गुपित सांगितलं. मेहुणा पोट धरून हसला. शिंपी गाण्यांच्या दणदणाटात ओरडला, "मामांना कोरी द्या हो! कोरीच!"

आता शिंप्याच्या घरी कोरी म्हणजे चहाची. बारवाल्याच्या धंद्यात कोरी म्हणजे पाणी न घातलेली. त्याने बिनदोऱ्याच्या बाटलीतून इमानेइतबारे काठोकाठ भरून दिली!

मेहुण्याने विश्वासाने एका दमात घशात ओतली. चेहरा पांढराफटक पडला. त्याने शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने लांबूनच मान डोलावली, "घे रे, घे! पुष्कळ आहे!"

मेहुण्याने ग्लास परत पुढे केला.

तासाभराने तो स्टेजच्या पायरीवर कोसळला. शालू सावरत लेक धावली. "बाबा, मामाला कोणी दिली?"

शिंप्याला आपलीच 'कोरी'ची हाक आठवली. पण व्याही शेजारीच उभे. खरं बोलावं तर चहा चव्हाट्यावर येणार! शिंपी म्हणाला, "त्याची खोड कुठे जातेय, बाळा."

अब्रू वाचली. वाचवण्यात त्याचा हात कोण धरणार! लेक सासरी निघाली ती मामाकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा दुकानात आला. शिंप्याला माफी मागायची होती, पण तो मशीनवरचं कापडच सारखं करत बसला.

"दाजी, कोरी उरलीय?"

शिंपी धावतच आत गेला आणि बाटली घेऊन आला. मेहुण्याने तिच्या गळ्यातला काळा दोरा पाहिला.

"ही नाही."

बिनदोऱ्याच्या कपाटात होत्या. चांगल्या सहा वाचल्या होत्या!