आभार ताराचंदने मानले

निकम मॅडमनी भर बैठकीत इतिवृत्ताची फाइल उघडली, तेव्हा चंद्रकुमार हटवारने चहाचा कप न पिताच बशीत ठेवला. त्या कार्यालयात इतिवृत्त वाचण्यासाठी कोणी उघडत नसे. सही करण्यासाठी उघडत, तेही शेवटच्या पानावर.

लाखांदूर तालुक्यातल्या जुन्या तलावांची दुरुस्ती हा कार्यालयाचा प्रकल्प होता. दर महिन्याला आढावा बैठक व्हायची. कोणी कोणते काम अंगावर घेतले आणि ते कधीपर्यंत करणार, हे लिहून काढणे लिपिक या नात्याने चंद्रकुमारकडे होते. सुरुवातीला तो खरोखर लिहायचा. मग त्याच्या लक्षात आले की प्रत्येक बैठकीत तीच माणसे त्याच तलावांबद्दल तेच बोलतात आणि मधल्या महिन्यात कोणी काही करत नाही. तेव्हापासून तो संगणकातले मागचे इतिवृत्त काढायचा, वरची तारीख बदलायचा, छापायचा आणि बाहेरगावच्या चौकीदारांना प्रती डाकेने पाठवायचा. बैठक चालू असताना तो मान खाली घालून वहीत बैलांची चित्रे काढी. बघणाऱ्याला वाटे, पोरगा मोठा मन लावून लिहितो आहे.

या पद्धतीत धोका एकच होता, आणि तो वैशाखात घडून गेला होता. खैरीटोल्याच्या तलावावरचा चौकीदार ताराचंद सेलोकर ऊन लागून वारला. सगळे कार्यालय त्याला चुलबंद नदीच्या काठावर पोचवायला गेले. चंद्रकुमारने खांदाही दिला. शोकसभेचे टिपण त्याने मनापासून लिहिले, लिहिताना दोनदा डोळे पुसले. आणि पुढच्या आढावा बैठकीचे इतिवृत्त नेहमीप्रमाणे तारीख बदलून छापले.

त्यामुळे फाइलीत आता अशी स्थिती होती की एका पानावर ताराचंदला श्रद्धांजली वाहिली होती आणि त्याच्या पुढच्या पानावर ताराचंद बैठकीला हजर होता.

"बाब चार," मॅडम वाचू लागल्या. त्या नुकत्याच साताऱ्याकडून बदलून आलेल्या उपअभियंता, वाचताना बोट ओळीखालून फिरवणाऱ्या. "'खैरीटोला तलावाखालच्या कालव्यातला गाळ व बेशरमाची झाडी काढण्याची जबाबदारी श्री. ताराचंद सेलोकर यांनी स्वीकारली. मुदत, पुढील बैठक.' कुठे आहेत सेलोकर?"

प्रत्येकाने आपापला कप उचलला. वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता.

"ते आले नाही, मॅडम," शाखा अभियंता श्यामराव बुराडे म्हणाले. त्यांची निवृत्ती एका पावसाळ्यावर आली होती आणि हा पावसाळा सुरू होता.

"का?"

"येनं जमत नाही त्यायले आजकाल."

"रजेवर आहेत?"

"रजेवरच म्हना."

"अर्ज दिलाय?"

श्यामरावांनी चंद्रकुमारकडे पाहिले. "अर्ज द्याची सवड नाही भेटली त्यांना," चंद्रकुमार म्हणाला. आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा त्याला वाटला.

"फोन लावा."

"उचलत नाहीत, मॅडम."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

मॅडमनी पान उलटले. मागचे नव्हे, पुढचे. चंद्रकुमारने रोखलेला श्वास सोडला. "गेल्या बैठकीत हा माणूस सूचना मांडतो. शेवटी सगळ्यांचे आभार मानतो. आणि या बैठकीला येत नाही, कळवतही नाही. हटवार, कारणे दाखवा नोटीस काढा. आजच, घरच्या पत्त्यावर. आणि सोमवारी मी स्वतः खैरीटोल्याला जाऊन कालवा बघणार आहे. तुम्ही दोघं सोबत चला."

बैठक संपल्यावर श्यामरावांनी चंद्रकुमारला दंडाला धरून बाहेरच्या चहाटपरीमागे नेले.

"काहून गा, मेल्या मानसाकून आभार कायले मानवले तुनं?"

"मी नाही मानवले, सर. ते आंधीपासूनच मानून राहिले व्हते. मी फक्त तारीख बदलवली."

"नाव तं खोडाचं."

"तुमी तं वाचाचं. त्यायच्या नावाखाली तुमची सही आहे."

श्यामरावांनी आजूबाजूला पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आता खरं सांगतलं तं मेल्या मानसाले हजर दाखवलं म्हून तू निलंबित, आन् त्याच्या बाजूले बसलो असं लिवून देल्लं म्हून मी. माह्यी पेन्शन अटकते, बावा."

"मंग काय कराचं?"

"काई नाही कराचं. या हापिसात काई नाही केलं तं कोनाचंच काई बिघडलं नाही आजवर."

चंद्रकुमारच्या घरात सरकारी नोकरी पहिल्यांदाच आली होती. ती लागली तेव्हा बापाने गावजेवण दिले होते. ती गेली तर बाप गावात तोंड दाखवणार नाही आणि चंद्रकुमारला बापाला तोंड दाखवता येणार नाही. त्याने निमूटपणे संगणकासमोर बसून नोटीस लिहायला घेतली. 'आपण विनापरवानगी गैरहजर असून आपला खुलासा सात दिवसांत समक्ष सादर करावा.' 'समक्ष' या शब्दावर त्याचा हात थबकला. दुपारची वेळ, खोलीत माणसे होती, तरी त्याने एकदा दाराकडे पाहिले. मग 'समक्ष' खोडून 'लेखी' केले. तेही बरे वाटेना, पण सोडून दिले.

नोटीस पोस्टात पडली. सोमवारपर्यंत चंद्रकुमारला जेवण गेले नाही. मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळे सांगून टाकायचे, असे ठरवून तो तीनदा दारापर्यंत गेला, आणि प्रत्येक वेळी "मॅडम, पंखा बरोबर चालते ना?" असे विचारून परत आला. तिसऱ्यांदा मॅडमनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिले.

सोमवारी जीपमध्ये मॅडम पुढे, हे दोघे मागे. गाडी हाकणारा डोमा स्वभावाने बोलका.

"खैरीटोल्याले चाललो का, सर? ताराचंदभाऊच्या गावाले? बिचारा..."

"डोमा, समोर पाय," श्यामराव म्हणाले.

"समोरच पाहून राहिलो, सर. मी मनलं का बिचारा ताराचंदभाऊ..."

"बैल आला, बैल."

"कुठी बैल? रस्ता खाली आहे, सर."

मॅडमनी मान वळवली. "बिचारा का?"

"लय दूरून यावं लागे त्यायले, मॅडम," चंद्रकुमार घाईने म्हणाला, "सायकलनं." डोमाने आरशातून त्याच्याकडे पाहिले आणि काहीतरी समजून तोंड मिटले.

चंद्रकुमारने मनाशी हिशेब मांडला होता. कालवा बेशरमाने भरलेला असणार, मॅडम चिडणार, ताराचंदला बोलवा म्हणणार, गावकरी खरे सांगणार. मग मॅडम त्याच्याकडे वळणार. त्या क्षणी काय बोलायचे ते त्याने पाठ करून ठेवले होते. 'मॅडम, चूक झाली' एवढेच होते ते, तरी त्यातला दुसरा शब्द सारखा विसरत होता.

जीप तलावाच्या मातीच्या पाळीखाली थांबली. मॅडम उतरल्या आणि कालव्याच्या काठावर उभ्या राहिल्या. मागून चंद्रकुमार गेला. मग तोही उभा राहिला.

कालवा स्वच्छ होता. बेशरमाचे एक झुडूप नव्हते. गाळाचे ढीग दोन्ही काठांवर नीट थापून बसवलेले, मधून पाणी झुळझुळत चाललेले, आणि शेवटच्या शेताच्या बांधीपर्यंत धान हिरवागार. या कालव्याचे पाणी शेवटच्या बांधीत गेलेले श्यामरावांनीही कधी पाहिले नव्हते. ते खाली वाकून पाण्याला बोट लावून आले.

बांधावर एक म्हातारा शेतकरी कुदळ घेऊन उभा होता. मॅडमनी विचारले, "हे काम कोणी केलं?"

"ताराचंदचं काम आहे, बाई."

"सेलोकरांचं?"

"हाव. त्याच्याच आंगावर व्हतं ना. मुदतीच्या आंत झालं पायजे, मने."

चंद्रकुमारने आपल्या मागे कोणी उभे आहे का ते वळून पाहिले. भर दुपारी, उन्हात. त्याने आपल्या उजव्या खांद्याला हात लावला. याच खांद्यावर तो ताराचंदला घेऊन गेला होता, वजन अजून आठवत होते. श्यामराव नवस केल्यासारखे पुटपुटले, "मी शिंगोरीले नारळ बोललो बा," आणि जीपकडे पाहू लागले.

मॅडमचा चेहरा मात्र उजळला. "बघा, माणूस बैठकीला येत नाही, पण काम करतो. मी उगाच नोटीस काढली. चला त्यांच्या घरी. मला त्यांची भेट घ्यायची आहे."

"मॅडम, ते घरी नसतीन," चंद्रकुमार म्हणाला.

"मग घरच्यांना सांगून येऊ."

घर पाळीला लागूनच होते. ओसरीवर मनकर्णाबाई सेलोकर सुपात तांदूळ निवडत बसली होती. पाहुण्यांना पाहून तिने पदर सारखा केला, नातीला हाक मारली. "डिंपल, खाट टाक वो. हापिसातले सायेब आले." मग चंद्रकुमारकडे निरखून पाहिले. "तू तोच ना रे बाबू, खांद्याले व्हता तो?"

चंद्रकुमारने मान हलवली. मॅडमना अर्थ लागला नाही. "सेलोकर आहेत का, आजी? त्यांचं अभिनंदन करायचं होतं."

मनकर्णाबाईने मॅडमकडे पाहिले, मग श्यामरावांकडे, मग आत गेली आणि दोन पाकिटे घेऊन बाहेर आली.

"हा पयला कागद आला व्हता, धानाच्या रोवन्याच्या दिवसात. डिंपलनं वाचला. त्यात लिवलं व्हतं का सेलोकरनं सभेत नहराचं काम आंगावर घेतलं. मी मनलं, तेरवी झाल्यावर मानूस घरी नाही आला, हापिसात गेला. जित्ता व्हता तईही तसाच. पोरगी बिमार असो, घर गळून राहो, पयले सभा."

श्यामराव पायाकडे पाहत होते.

"तं आता त्यानं आंगावर घेतलं, आन् कराले तं येत नाही. मंग कोन कराचं? शब्द त्याचा, पन नाव तं घराचं जाते. म्या बायायले मनलं, चला वो. चार दिस बायाच व्हत्या, मंग मानसायले लाज वाटली, ते बी आले. झालं नहर. आन् आता हा दुसरा कागद आला." तिने दुसरे पाकीट पुढे केले. "कारन दाखवा मनते. काहून आले नाही मनते. पेन्शनीसाठी तो नोकरीत मेल्याचा कागद मागाले म्या तीन चकरा मारल्या हापिसात, तो नाही भेटला. हा घरपोच आला."

तिने ओसरीच्या आतल्या बाजूला हात केला.

"कारन भिताडाले टांगलं आहे. पाहून घ्या."

भिंतीवर ताराचंदचा फोटो होता. हार वाळला होता. खाली जन्म आणि मरणाची तारीख लिहिलेली होती, मरणाची वैशाखातली.

मॅडमनी जवळ जाऊन तारीख वाचली. मग त्यांनी मनकर्णाबाईच्या हातातला पहिला कागद मागून घेतला आणि बोट ओळीखालून फिरवत शेवटपर्यंत वाचला. 'श्री. ताराचंद सेलोकर यांनी उपस्थितांचे आभार मानल्यावर बैठक समाप्त झाली.' त्याच्याखाली सह्या. सगळ्यात खाली, अध्यक्ष म्हणून, त्या बैठकीला नसताना रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात केलेली त्यांची स्वतःची.

"मॅडम, झाली," चंद्रकुमार म्हणाला. 'चूक' हा शब्द अखेर विसरलाच.

मॅडमनी कागद घडी घालून परत दिला. मनकर्णाबाईने केलेला चहा त्यांनी पूर्ण घेतला, तिला हात जोडले आणि जीपमध्ये बसल्या. लाखांदूरची घरे दिसू लागली.

"हटवार, ती नोटीस रद्द करा," मॅडम शेवटी म्हणाल्या. "दुसरी काढा, तुमच्या नावाने. मसुदा तुम्हीच करा, सवय आहे तुम्हाला. तिसरी बुराड्यांच्या नावाने. माझं मी वर लिहून कळवते. आणि बाईंचा कागद उद्या संध्याकाळच्या आत त्यांच्या हातात पडला पाहिजे. डाकेनं नाही. तुम्ही घेऊन जायचा."

"हो, मॅडम." निलंबन हा शब्द अजून आला नव्हता. चंद्रकुमार तो ऐकायला कान लावून बसला होता, आणि मॅडम तो उच्चारतही नव्हत्या, विसरतही नव्हत्या. ही शिक्षा जास्त वाईट होती.

"आणि यापुढे बैठकीत जे बोललं जाईल ते तिथल्या तिथं लिहायचं, आणि उठायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवायचं. एक वाक्य सुटलं, तर बघा."

पुढच्या बैठकीला चंद्रकुमार दोन पेन घेऊन बसला. हजेरी घेताना त्याने प्रत्येकाकडे डोळ्यांनी पाहिले आणि मगच नाव लिहिले. तीन कामे मागच्यासारखीच पडून होती, खैरीटोल्याचे पूर्ण झाले होते. ते श्रीमती मनकर्णाबाई सेलोकर व गावातील महिलांनी केले, असे मॅडमनी सांगितले आणि त्याने लिहिले. मग मोठ्या तलावाच्या सांडव्याचा विषय निघाला. दोन वर्षे रेंगाळलेले, चिखलातले, कोणालाच नको असलेले काम. सगळे टेबलाकडे पाहू लागले. चंद्रकुमारचा पेन थांबला नव्हता. भीतीने तो खोकलासुद्धा लिहून घेत होता.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "वाचा."

चंद्रकुमार वाचू लागला. बाब चारपर्यंत सगळे ठीक होते.

"'बाब पाच, सांडव्याची दुरुस्ती. श्री. श्यामराव बुराडे यांनी लिपिकाच्या कानात सुचवले की, हे काम ताराचंदच्या नावावर टाक, बावा, होऊन जाते.'"

श्यामरावांनी डोळे मिटून घेतले. पंखा कुरकुरत राहिला.

"पुढे लिहा," मॅडम म्हणाल्या. "'सूचना अमान्य. काम श्री. बुराडे यांनी स्वीकारले. मुदत, पुढील बैठक. त्यांनी आभार मानले.'"