एसीला लू लागते तेव्हा

एसीला लू, म्हणजे उन्हाळी वाऱ्याची झळ, लागू नये म्हणून त्याला गोधडी पांघरायची, असं यज्ञेश्वररावांनी ठरवलं, तेव्हा घरात त्यांना कुणीही अडवलं नाही. (अडवून फायदा होत नाही, हे घराला केव्हाच कळून चुकलं होतं.)

तसा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. झाशीतल्या प्रेम नगरच्या त्यांच्या घरात एसी नुकताच आला होता आणि बैठकीच्या खिडकीत विराजमान झाला होता. विराजमान म्हणजे तोंड आत, पाठ बाहेर. बाहेर म्हणजे मागचं अंगण. आणि जूनच्या दुपारी त्या अंगणात वाळत घातलेला पापड वाळायचा नाही, थेट भाजूनच निघायचा.

"अगं, ज्याची स्वतःची पाठ दिवसभर तव्यावर, तो आपल्याला काय गारवा देणार?" यज्ञेश्वरराव बायकोला म्हणाले.

"पण कंपनीवाल्यांनी पाठ बाहेर ठेवायला सांगितलंय, ते काही विचार करूनच ना?" दुर्गाबाई म्हणाल्या.

"कंपनी झाशीत राहते का?"

यज्ञेश्वरराव रेल्वेच्या कचेरीत बडे बाबू होते. एखादी गोष्ट का बिघडली याचा खुलासा लिहावा तर त्यांनीच. ती दुरुस्त कशी करायची, हे खातं वेगळ्या इमारतीत होतं.

तर गोधडी पांघरली गेली. वरून सुतळीने आवळली गेली. यज्ञेश्वरराव आत येऊन ऐटीत सोफ्यावर बसले. हवा आधी गार आली, मग कोमट झाली, मग एसीच्या पोटात कुठेतरी 'टक्' झालं आणि नुसता पंखा फिरल्यासारखी घरघर उरली.

"बघितलंस? एक गोधडी पुरत नाहीये," यज्ञेश्वरराव म्हणाले, आणि ट्रंकेतली हिवाळ्याची रजई काढून आणली. रजईनंतर 'टक्' आणखी लवकर झालं. तेव्हा त्यांनी प्रवासाचा जुना कॅनव्हासचा होल्डॉल वरून गुंडाळला आणि त्याचे पट्टे करकचून आवळले. आता मागच्या अंगणातून बघणाऱ्याला वाटलं असतं, की एसी बदली होऊन दूर कुठेतरी निघाला आहे.

एरवी हा प्रकार घरातल्या घरात जिरला असता. पण त्या रविवारी ग्वाल्हेरहून केशवराव आणि त्यांच्या पत्नी कुसुमावती येणार होते. यज्ञेश्वररावांच्या मुलीला, मधूला बघायला. त्यांचा मुलगा भोपाळला नोकरीत होता आणि एका लग्नात मधूने त्याला पाहिलं होतं. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळात मधूने खोड काढली होती. एकाचे कान, एकाचं हसणं, एकाचे काका. या मुलाबद्दल मात्र ती म्हणाली होती, "ठीक है." हे ऐकून दुर्गाबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती.

अडचण एकच. कुसुमावतींना उकाडा सोसत नसे. मागे एका ठिकाणी मुलगी बघायला गेल्या असताना वीज गेली, तर हातातली पोह्यांची बशी तशीच ठेवून त्या उठून चालत्या झाल्या होत्या.

"ग्वाल्हेर काय महाबळेश्वर लागून गेलंय?" दुर्गाबाईंनी विचारलं होतं. पण वरमाईला असले प्रश्न तोंडावर विचारता येत नाहीत. म्हणून यज्ञेश्वररावांनी एसटीडी बूथवरून ओरडून सांगितलं होतं, "ताई, आमच्याकडे एसी आहे! आमची बैठक म्हणजे साक्षात काश्मीर!" बूथबाहेरच्या सगळ्या रांगेने हे ऐकलं होतं. आणि केवळ त्या काश्मीरच्या भरवशावर कुसुमावती जूनमध्ये घराबाहेर पडायला तयार झाल्या होत्या.

शनिवारी जगन्नाथ मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला, पंख्याखाली बसला, पन्ह्याचा पेला रिकामा केला, एसीपुढे तळहात धरला आणि डोळे मिटले.

"गैस निकल गई, बाबूजी."

"निकल गई? कुठे... कहाँ निकल गई?"

"अब गैस है, बताके थोड़ी जाती है."

"भैया, एक बार पीछे से भी देख लीजिए," दारातून मधू म्हणाली.

जगन्नाथने अंगणातल्या उन्हाकडे खिडकीतून पाहिलं आणि दुसरा पेला पुढे केला. "पीछे क्या देखना, बिटिया? बीमारी पेट में है." मग आपल्या मेव्हण्याचं लग्न मोठ नावाच्या गावी असल्याचं सांगून, लग्न आटोपलं की गॅस घेऊन येतो असं वचन देऊन तो जो गेला तो गेलाच. (तो आणि गॅस, दोघंही बताके न जाणारे.)

संध्याकाळी शेजारचे हरिभाऊ आले. ते रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे यंत्र म्हणून जे काही असेल ते त्यांच्या लेखी इंजिनच. एसीला थोपटून ते म्हणाले, "दमलाय बिचारा. शेडमध्ये घ्या. पूर्ण विश्रांती!"

रात्रभर एसी बंद राहिला. सकाळी लावला तर खरंच थोडा वेळ गार हवा आली, आणि मग 'टक्'.

"म्हणजे दमच कमी आहे," यज्ञेश्वररावांनी निदान केलं. "पाहुणे दारात आले की लावायचा. तोवर त्याला हात लावू नका."

"आणि तो टक् झाला की?" दुर्गाबाईंनी विचारलं.

त्याचीही तजवीज यज्ञेश्वररावांनी केली होती. स्टेशनजवळच्या दुकानातून त्यांनी बर्फाची लादी आणली. पाहुण्यांना बसवायचं त्या दिवाणाखाली घमेलं सरकवलं, घमेल्यात बर्फ, बर्फामागे पाटावर टेबलफॅन, आणि पुढून जमिनीपर्यंत लोंबणारी नक्षीची चादर.

"बाबा, सच बोल देते हैं ना त्यांना," मधू म्हणाली. "एसी खराब हो गया. होतं असं कभी कभी."

"काश्मीर खराब होत नसतं, बेटा," यज्ञेश्वरराव म्हणाले.

हयात रेल्वेत काढलेल्या या माणसाने त्या दिवशी एकच प्रार्थना केली, की गाडी लेट व्हावी. गाडी वेळेवर आली.

पाहुणे टांग्यातून उतरले तेव्हा कुसुमावतींचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. नमस्कारालाही न थांबता त्या चपलांसकट बैठकीत शिरल्या, चपला दिवाणापाशीच सोडून बसल्या, पदराने कपाळ टिपलं. एसीने गार हवेचा एक झोत सोडला.

"वा," कुसुमावती म्हणाल्या. यज्ञेश्वररावांचा जीव भांड्यात पडला.

'टक्.'

यज्ञेश्वररावांनी घाईघाईने दिवाणाच्या बाजूने पाय आत सरकवून टेबलफॅनचं बटण दाबलं. दिवाणाखालून बर्फाळ वारा सुटला आणि कुसुमावतींच्या पायांवर आला.

"अहो, हे काय, तुमच्याकडे गारवा खालून येतो?"

"नवीन पद्धत आहे," यज्ञेश्वरराव म्हणाले. "गार हवा जड असते ना, ती खाली बसते."

केशवरावांनी मान डोलावली. ते सज्जन होते, आणि बायको शांत बसलेली असताना कशालाही मान डोलावत. मधू पोहे घेऊन आली. कुसुमावतींनी तिला शेजारी बसवून शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मधूने दोन्ही प्रश्नांना अर्धी मराठी अर्धी हिंदी उत्तरं दिली, त्यावर कुसुमावती हसल्यासुद्धा. "आमचा मुलगाही अस्साच बोलतो. घरात दोघांचं जमेल."

आता यज्ञेश्वररावांनी निर्धास्त व्हायला हरकत नव्हती. पण जूनमध्ये बर्फ वितळतो, ही गोष्ट त्यांच्या नियोजनात आलेली नव्हती. घमेलं भरलं, मग काठावरून वाहू लागलं, आणि चादरीखालून पाण्याचा एक ओहळ शांतपणे बैठकीत आला. दुर्गाबाईंनी तो पाहिला मात्र, सरळ जाऊन टेबलफॅनचा भिंतीतला प्लगच उपटला. तेवढ्यात केशवराव म्हणाले, "अगं, तुझी चप्पल."

कुसुमावतींची एक चप्पल दाराच्या दिशेने निघाली होती.

कुसुमावतींनी वाकून चादर उचलली. घमेलं पाहिलं, पंखा पाहिला, आणि मग यज्ञेश्वररावांकडे पाहिलं. यज्ञेश्वररावांना आयुष्यात पहिल्यांदाच एकही खुलासा सुचेना.

"पाय धुते जरा," एवढंच म्हणून कुसुमावती साडीचा ओला काठ धरून मागच्या अंगणात गेल्या. दुर्गाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मधू खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. संपलं सगळं, असं यज्ञेश्वररावांच्याही मनात आलं, आणि पोरीच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघताना त्यांना ती गोधडी स्वतःच्या अंगावर घेऊन ट्रंकेत जाऊन बसावंसं वाटलं.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "अहो, इकडे या! हे कोण बांधून ठेवलंय?"

सगळे धावले. भर उन्हात कुसुमावती एसीच्या पाठीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"एसी आहे तो," यज्ञेश्वरराव क्षीण आवाजात म्हणाले. "लू लागू नये म्हणून..."

"आणि बैठकीतली गरमी त्याने टाकायची कुठे? तुमच्या होल्डॉलमध्ये?" असं म्हणत त्यांनी स्वतःच पट्टे सोडले, रजई ओढली, गोधडी फेकली. आतून भट्टीचं दार उघडल्यासारखा तप्त झोत आला. "मला गरम होतंय म्हणून मी एवढा आरडाओरडा करते. हा बिचारा बोलतही नाही!"

एसीला थोडं निवू दिलं, मग लावला. गार हवा आली. येतच राहिली. 'टक्' ऐकायला सगळे कान देऊन बसले होते, पण ते झालं नाही. हळूहळू बैठकीत खरोखरच काश्मीर उतरलं. कुसुमावतींनी पोह्यांची दुसरी बशी मागितली.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," त्या म्हणाल्या. "फक्त एक अट आहे."

यज्ञेश्वरराव मनातल्या मनात यादी करू लागले. स्कूटर? फ्रिज? की हाच एसी?

"लग्नघरात तुम्ही कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही. पंखा नाही, माईक नाही, साधं बटणसुद्धा नाही."

"मान्य!" यज्ञेश्वरराव आनंदाने जवळजवळ ओरडलेच. "एकदम मान्य! ताई, थांबा, तुमच्यासाठी आणखी थोडं गार करतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी उठून एसीची कळ जोरात फिरवली.

कळ हातात आली.

कुसुमावतींनी तळहात पुढे केला. यज्ञेश्वररावांनी कळ त्यावर ठेवली. अशा रीतीने साखरपुडा, सुपारी, नारळ यांपैकी काहीही व्हायच्या आधी वधूपक्षाकडून वरपक्षाला पहिली भेटवस्तू पोचली.