सदर जनावर तपासले

मी एका भल्या माणसाच्या वहीत एक वाईट शेरा लिहिला, आणि लिहिताना मला मजा वाटली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्या माणसाच्या गमती सांगायला लागलो, की मी त्याचा मोठा जिवलग होतो असं तुम्हाला वाटेल.

तो माणूस म्हणजे आमच्या पुसेगावचे ढोरांचे डॉक्टर पाईकराव. त्यांच्याकडे एक छोटी मोटार होती, आणि त्या मोटारीत बसलेल्या प्रत्येकाला उतरताना वहीत शेरा लिहावा लागे. शाळेत किंवा दवाखान्यात साहेब तपासणीला येतो, आणि जाताना शेरेबुकात दोन ओळी खरडून सही करतो, तसंच. डॉक्टरांनी तसलंच एक लांबट शेरेबुक गाडीत ठेवलं होतं. रकाने त्यांनी स्वतः आखलेले: नाव, गाव, कोठून कोठे, शेरा, सही किंवा अंगठा. शेवटच्या रकान्यासाठी शाईची डबीही असे.

‘‘मास्तर, नोंद बराबर झाली पाह्यजे,’’ ते म्हणत. ‘‘जनावराला तकलीफ सांगता येत न्हाई. आपणच विचारावं लागते.’’

जनावर म्हणजे गाडी.

ही गोष्ट आणीबाणीच्या आधीच्या पाच-सहा वर्षांतली. गाडी स्वस्तातली होती, अकोल्याच्या एका निवृत्त ओव्हरसियरकडून तिसऱ्या हातानं आलेली. रंग उकडून वाळवलेल्या हळकुंडाचा. डाव्या बाजूचं दार मिटत नसे, म्हणून त्याला बैलाचं दावं बांधलेलं, आणि दाव्याचं दुसरं टोक शेजारी बसणाऱ्याच्या हातात. ‘‘सोडू नका बरं, उधळते,’’ असं डॉक्टर बजावत. उधळायचं ते दार. गाडी कधी उधळली नाही.

सकाळी गाडी सुरू केली, की गळ्यातली नळी कानाला लावून ते बॉनेटवर ठेवत, डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, ‘‘पोट साफ न्हाई तिचं.’’ मग टाकीतला गाळ काढायला बसत. चढावर पाणी उकळलं, की तिला बाभळीखाली उभी करत. ‘‘रवंथ करू द्या तिला जरा.’’ ती रवंथ करे तोवर आम्ही रस्त्याकडेला शेंगा खात बसायचो.

या गाडीला मागे जाता येत नव्हतं. तो गिअर पहिल्याच वर्षी गेला आणि डॉक्टरांनी तो दुरुस्त केला नाही. ‘‘बैल कधी मागं सरकते का? मग हिनंच काहून सरकावं?’’ त्यामुळे हिंगोलीला गेलो, की दोन हातांवरच्या दुकानात जायलाही सगळ्या गावाला वळसा पडे. एकदा बाजारपेठेतल्या बोळात समोरून कापसाची गाडी आली. गाडीवान म्हणे तुम्ही मागं घ्या, डॉक्टर म्हणे मला येत न्हाई. दोन्हीकडे माणसं तुंबली. डॉक्टर खाली उतरले, आणि भांडायचं सोडून त्यांनी उजव्या बैलाची पापणी उलटून पाहिली.

‘‘किती दिवस झाले हो, पाटील, याच्या डोळ्याला पाणी येऊन राहिलं?’’

गाडीवानाचा आवाज एकदम खाली आला. ‘‘लई दिस झाले साहेब.’’

डॉक्टरांनी बॅग उघडली, तिथंच औषध घातलं, कसं घालायचं ते समजावून सांगितलं. मग त्या माणसानं आपली गाडी तशीच सोडली, बैल खोलले, आमच्या मोटारीला मागून जुंपले आणि आम्हाला उलटं ओढत बोळाबाहेर काढलं. मी आत दावं धरून बसलो होतो. एवढं झाल्यावर डॉक्टरांनी त्याच्यापुढे शेरेबुक धरलं. तो म्हणाला, ‘‘पर म्या बसलोच न्हाई गाडीत.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘तुमी ओढली. त्याची बी नोंद पाह्यजे.’’ अंगठा घेतला.

त्या वहीतले कितीतरी शेरे मला आजही पाठ आहेत. एका तलाठ्यानं लिहिलं होतं, ‘पुसेगाव ते सेनगाव प्रत्यक्ष प्रवास केला. वाहन चालू स्थितीत आढळले. दोन वेळा आढळले नाही.’ कुरुंद्याला माहेर असलेल्या एका म्हातारीचा शेरा डॉक्टरांनी तिच्या तोंडचा जसाच्या तसा उतरवून घेतला होता: ‘पोट हाललं, पर माहेर दिसलं.’ खाली अंगठा.

आता या माणसाला हवं काय होतं, ते सांगतो. त्याला शेजारची जागा रिकामी नको होती. आठवड्यातून दोनदा ते लस आणायला हिंगोलीला जात. एस.टी. दिवसातून दोनच वेळा, त्यामुळे कुणी ना कुणी भेटेच. तरी ते पाराला चक्कर मारून काच खाली करून विचारत, ‘‘हाये का कोणी हिंगोलीला?’’ एकदा कुणीच नव्हतं, तर त्यांनी गावाला तीन चकरा मारल्या. आम्ही हाटेलात बसून मोजत होतो आणि हसत होतो. शेवटी पोस्टमन उठला, काही काम नसताना हिंगोलीला जाऊन आला, आणि त्याचाही शेरा झाला: ‘काम नव्हते. बरे वाटले.’

पाईकराव बौद्ध. म्हैस अडली, बैल फुगला, की आम्ही त्यांच्याकडे पळत जायचो आणि त्यांना हात धरून गोठ्यापर्यंत आणायचो. गोठ्याच्या पुढे नाही. माझ्याही घरी त्यांच्या चहाची कपबशी वेगळी होती. ती गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेली असे. चहा झाला, की डॉक्टर ती स्वतःच्या हातानं विसळून पुन्हा तिथं खोचत, आणि मी शाळेत समतेवरचा धडा शिकवायला जाई. दवाखान्यामागच्या त्यांच्या क्वार्टरात गावातलं कुणी जाऊन बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी तरी कुठे गेलो होतो? गाडीत मात्र सगळे बसत. गरज होती.

सगळ्यात जास्त मीच बसायचो.

त्या पावसाळ्यात हिंगोलीला शिक्षकांची बैठक होती. गाडी ओढ्यात बंद पडली. मी गुडघाभर चिखलात उतरून ढकलली आणि बैठक अर्धी झाल्यावर पोचलो. साहेबांनी माझ्या धोतराकडे पाहून विचारलं, ‘‘मास्तर, पोहत आलात काय?’’ सगळा हॉल हसला. तो राग होताच, पण शेरा लिहिण्याचं कारण तो नव्हे. पुढे कित्येक महिने मी लोकांना तेच कारण सांगत होतो, म्हणून मुद्दाम सांगतो. खरं कारण संध्याकाळी हाटेलात घडलं. किसनराव म्हणून आमच्याकडचे मोठे शेतकरी, जिभेनं तिखट. ते मला म्हणाले, ‘‘मास्तर, तुमी लईच शेजारी बसून राहिले डॉक्टरच्या. आता जेवाले कवा जाता त्याच्या घरी?’’

हाटेलातली माणसं हसली. मीही हसलो. पण रात्रभर ते वाक्य मला टोचत राहिलं.

पुढच्या खेपेला हिंगोलीहून परत आल्यावर मी शेरेबुक घेतलं आणि माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं: ‘सदर जनावर तपासले. वय अज्ञात. दात पडलेले, कास आटलेली. मागे सरकत नाही, पुढे जात नाही. खाटकाकडे देण्यास हरकत नसावी.’ खाली झोकदार सही.

डॉक्टरांची पद्धत अशी, की शेरा तिथल्या तिथं मोठ्यानं वाचायचा. ‘‘सदर जनावर तपासले,’’ त्यांनी वाचलं आणि खुशीत माझ्याकडे पाहिलं. पुढचं मनात वाचलं. 

‘‘अक्षर लई सुंदर हाये तुमचं, मास्तर,’’ ते म्हणाले आणि वही मिटली.

मी तिथून थेट हाटेलात गेलो आणि सगळा शेरा तोंडपाठ म्हणून दाखवला. किसनरावांना ठसका लागला. दोन दिवसांत गावभर झालं. कुणी गाडीत बसायला निघालं, की पारावरून आवाज येई, ‘‘काय, खाटकाकडं निघाले का?’’ कुणालाच आपलं हसं नको असतं. लोक एस.टी.ची वाट बघत थांबू लागले. डॉक्टर काच खाली करून दोन-तीनदा विचारत राहिले. मग विचारायचं थांबले. शेरेबुक गाडीतून नाहीसं झालं. दाव्याचं टोक त्यांनी आतल्या मुठीला बांधून टाकलं, कारण धरायला माणूस नव्हता. मी एस.टी.नं जाऊ लागलो. खिडकीतून कधीकधी ती हळदी गाडी मागे पडताना दिसे. मी दुसरीकडे पाही.

असे चार-पाच महिने गेले. मग एका रविवारी दुपारी माझी म्हैस अडली. रेडकाचे पाय दिसत होते, पुढे काही सरकेना. दवाखान्याला कुलूप, म्हणून मी मागे क्वार्टरकडे धावलो. तुमच्या लक्षात आलं असेल, की त्या दारात मी पहिल्यांदाच गेलो, तेही म्हशीसाठी.

ओसरीवर डॉक्टरांची आई तूर निवडत बसली होती. बारीक, ताठ म्हातारी.

‘‘आंघोळीला बसला हाये, आत्ता येतो,’’ ती म्हणाली. मी धापा टाकत होतो. तिनं पाहिलं, उठली, मग थांबली. ‘‘पानी चालंल का तुमाला?’’

हा प्रश्न तिनं इतक्या साधेपणानं विचारला, की मला खाली बघावं लागलं. मी म्हणालो, चालेल. तिनं तांब्या दिला. मी पाणी प्यालो.

‘‘तुमी मास्तर न्हवं? शाळंतले?’’

‘‘हो.’’

‘‘वळखलं म्या. तुमचा शेरा मला पाठ हाये.’’

मी तांब्या खाली ठेवला.

‘‘मला वाचता येत न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘पर माझं लेकरू रोज सांजच्याला मला वाचून दावी. आज हा बसला, आज ती बसली. पाटलाचा भाऊ बसला, तलाठी बसला. मी त्याला म्हनायची, पुन्यांदा वाच. आमच्या शेजारी कोन बसतं, मास्तर? ऐकाया बरं वाटे. आन तुमी तर काय बेस लिवलं. ‘सदर जनावर तपासले. गुनाचं हाये. म्हातारं झालं तरी घरच्यांनी टाकू नये, जपावं.’ म्या म्हनलं, हे गाडीचं न्हाईच, हे मास्तरानं माझंच लिवलं.’’ आणि ती तोंडाला पदर लावून हसली. ‘‘आता वाचत न्हाई तो. वही भरली म्हनतो. नवी आन की, म्हनलं तर आनत न्हाई.’’

मागे डॉक्टर उभे होते. केस ओले, खांद्यावर पंचा. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. ते एवढंच म्हणाले, ‘‘म्हैस का?’’ आणि बॅग उचलली.

पुढचा अर्धा तास मला फक्त त्यांचे कोपरापर्यंत तेल लावलेले हात आठवतात, आणि म्हशीशी चाललेलं त्यांचं बोलणं. ‘‘दम धर माय. घाई न्हाई आपल्याला.’’ रेडकू जिवंत निघालं. पारडी. तिच्या नाकातला चिकटा पुसून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘मास्तर, ते तसं वाचलं मी तिला. तिनं आयुष्यात लई ऐकून घेतलेलं हाये. घरात आणखी कशाला?’’

माफी तेव्हाच मागायची होती. तोंडातून फक्त ‘‘हं’’ निघालं. बायकोनं चहा आणला. मी वळचणीची कपबशी काढू दिली नाही. घरातल्या कपातून आम्ही दोघांनी चहा घेतला, त्यावरून नंतर घरात दोन दिवस अबोला झाला. पण गोठ्यात गुपचूप दिलेला कप म्हणजे माफी नव्हे, हे मला कळत होतं. मी अपमान हाटेलासमोर केला होता.

त्याला आणखी आठ दिवस गेले. बाजाराचा दिवस होता, हाटेल भरलं होतं, किसनराव बाकावर होते. डॉक्टरांची गाडी पाराला वळसा घालून आली. काच बंद, शेजारी कुणी नाही. मी रस्त्यात उतरून हात आडवा केला. गाडी आचके देत थांबली. डॉक्टरांनी काच खाली केली.

‘‘काय, पारडी बरी हाये ना?’’

‘‘बरी आहे,’’ मी म्हणालो. मागे हाटेलातली माणसं बघत होती. किसनराव म्हणाले, ‘‘मास्तर, खाटकाकडं का?’’ या वेळी मला हसू आलं नाही. मी वर्गात बोलतो त्या आवाजात बोललो, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत जावं.

‘‘डॉक्टर, तो शेरा गाडीबद्दल नव्हता. मी तुमच्या शेजारी बसतो म्हणून हे लोक मला हसले, आणि त्यांनी पुन्हा हसू नये म्हणून मी त्यांना तुमच्यावर हसवलं. सहा वर्षं तुमच्या गाडीतून फिरलो आणि तुम्हाला गोठ्यात चहा दिला. माझं चुकलं. मला माफ करा.’’

डॉक्टरांनी आतल्या मुठीला बांधलेलं दावं सोडलं, त्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि ते म्हणाले, ‘‘सोडू नका बरं, उधळते.’’